देवडीवरचा पहारेकरी

संगणक सुरू होता होता ‘डिलीट’ची कळ दोन-चार वेळा दाबली, तर पुष्कळ यंत्रांत नेहमीच्या रंगीत चित्राऐवजी पडद्यावर एक रुक्ष तक्ता उमटतो. बहुतेकांनी तो कधी पाहिलेला नसतो. ज्यांनी चुकून पाहिला असेल त्यांनी घाईघाईने मिटवलेला असतो. लहानपणी वाड्याच्या तळघराविषयी जी भीती असते, तीच मोठेपणी या तक्त्याविषयी असते. मलाही होती. परंतु त्या तक्त्यातल्या एका ओळीच्या अज्ञानापायी माझे एक वर्ष फुकट गेले, आणि त्या वर्षाबरोबर जे गेले ते परत मिळणारे नव्हते. म्हणून, मी मराठीचा मास्तर आणि यंत्रविद्येत मला गती नाही हे ठाऊक असूनही, ती ओळ मी नीट समजावून घेतली. जे समजले ते सांगतो.

आमचे एक गुरुजी होते. जुन्या मराठी पोथ्यांच्या शोधात ते गावोगाव हिंडले. पोथी हातची सोडणारे लोक थोडे. दाखवणारे त्या मानाने बरेच. तेव्हा गुरुजी ओसरीवर पोथी उलगडत, उन्हाचा अंदाज घेऊन कॅमेरा लावत आणि पानामागून पान टिपत. त्या निगेटिव्ह फिल्मचे तीन पत्र्याचे डबे त्यांच्या पश्चात माझ्याकडे आले. पहिला डबा उघडला तो आंबूस वास आला, थेट व्हिनेगरचा. जुन्या फिल्मचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. उष्णतेने आणि दमट हवेने तो कुजू लागला म्हणजे त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, आणि तेच आम्ल पुढच्या कुजण्याला वेग देते. फिल्म आक्रसते, वाकते, आणि शेवटी चित्राचा थर पापुद्र्यासारखा सुटून येतो. थंडाव्यात ठेवून हा रोग लांबवता येतो; बरा करता येत नाही.

डब्यांबरोबर गुरुजींचा फिल्म-स्कॅनरही आला होता. यंत्र ठणठणीत, पण ते संगणकाला जोडायला ‘स्कझी’ नावाचे जुने कार्ड लागे, आणि त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम फक्त विंडोज एक्सपीवर चाले. एक्सपी असलेला संगणक तर गुरुजींच्याही आधी गेला होता. दोन दुकानदारांना विचारले. दोघांचे उत्तर एकच: “सर, हे भंगारात द्या आणि नवीन घ्या.” नव्याची किंमत ऐकून मी घरी परतलो आणि डबे कपाटात ठेवून दिले. असे वर्ष गेले.

दिवाळीला भाचा आला. संगणकाचे काम हाच त्याचा व्यवसाय. त्याने स्कॅनर उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “मामा, एक्सपीसाठी सबंध घर कशाला हवे? तुमच्या संगणकात त्याला एक खोली भाड्याने देऊ.”

खोली भाड्याने देणे हा शब्दप्रयोग त्याने गमतीने केला, पण तो तंतोतंत आहे. एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक नांदवण्याच्या या युक्तीला ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात. एखाद्या मोठ्या वाड्याची कल्पना करा. वाडा एकच, पण आत चार बिऱ्हाडे. प्रत्येक बिऱ्हाडकरूला आपल्या खोल्या एक, दोन, तीन अशाच मोजायची सवय. वस्तुतः त्याची पहिली खोली म्हणजे वाड्याची सदतिसावी खोली असते, परंतु हे ठाऊक असते ते एकट्या घरमालकाला. या घरमालकाला ‘हायपरव्हायझर’ असे भारदस्त नाव आहे. बिऱ्हाडकरू म्हणजे आतली एक्सपी. तिला वाटते, सगळा वाडा आपलाच.

ही कल्पना कालपरवाची नाही. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या विज्ञान केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 साली या कामाला हात घातला. 1967 मध्ये ‘सीपी-40’ नावाची त्यांची प्रणाली चालू लागली. ती एका यंत्रावर चौदा बिऱ्हाडे नांदवू शके. 1972 साली आयबीएमने ‘व्हीएम/370’ या नावाने ही विद्या बाजारात आणली. 1974 मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी तिचे शास्त्र मांडले. त्याचे तात्पर्य असे: बिऱ्हाडकरूची जी जी आज्ञा सबंध वाड्यावर परिणाम करू शकते, ती प्रत्येक आज्ञा घरमालकाच्या नजरेखालून गेली पाहिजे.

आपल्या टेबलावरच्या संगणकांची जात मात्र या कसोटीला उतरत नव्हती. पेन्टियम प्रोसेसरमध्ये घरमालकाच्या नकळत निसटून जाणाऱ्या आज्ञा किती, याची 2000 साली मोजदाद झाली. त्या सतरा निघाल्या. व्हीएमवेअर या कंपनीने 1999 मध्ये अशा आज्ञा चालण्यापूर्वीच बदलून टाकण्याची करामत करून हा अडथळा ओलांडला. पुढे इंटेलने 2005 मध्ये आणि एएमडीने 2006 मध्ये प्रोसेसरच्या अंगातच ही सोय घातली. इंटेलच्या सोयीचे नाव ‘व्हीटी-एक्स’.

हे नाव लक्षात ठेवा, कारण माझा पहिला घोटाळा तिथेच झाला. भाचा परत गेल्यावर फोनवर त्याच्या सूचना ऐकत मी भीतभीत तो तक्ता उघडला, ‘व्हीटी-एक्स’ चालूच आहे हे पाहून छाती फुगवली आणि म्हणालो, “झाले रे काम!”

“नाही मामा. एक्स नव्हे, डी. ‘व्हीटी-डी’ शोधा.”

एका अक्षराने अर्थाचा अनर्थ होतो हे मी वर्गात उभा राहून वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. आता ते मला ऐकावे लागले.

व्हीटी-एक्स ही बिऱ्हाडकरूला राहू देण्याची सोय. व्हीटी-डी ही त्याच्या हाती एखादे खरेखुरे यंत्र सोपवण्याची सोय. या दोहोंत फरक केवढा, हे समजण्यासाठी आधी वाड्यातले हमाल ओळखले पाहिजेत.

संगणकाला जोडलेले डिस्क, नेटवर्क कार्ड, स्कझी कार्ड हे सगळे माल आणणारे हमाल. मालाचे प्रत्येक पोते प्रोसेसरने स्वतः उचलून कोठीत ठेवायचे असे ठरवले, तर त्या बिचाऱ्याला दुसरे काही सुचणार नाही. म्हणून फार पूर्वीपासून हमालांना मुभा दिलेली असते. “अमुक क्रमांकाच्या खोलीत पोते ठेव आणि झाले की हाक मार,” एवढे सांगायचे. हमाल कोणालाही न विचारता थेट आत जातो. याला ‘डीएमए’ म्हणतात. व्यवस्था मोठी सोयीची आहे, पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: हमाल सांगितलेल्या खोलीतच जाईल.

आता बिऱ्हाडकरू आला आणि त्याला स्वतःचा हमाल हवा. त्याला तो देण्याच्या रीती तीन. पहिली रीत सोंगाची. घरमालक स्वतःच हमालाचे सोंग घेतो. बिऱ्हाडकरू त्या सोंगाशी बोलतो आणि खरे काम मागल्या दाराने होते. यात वेळ फार जातो, आणि माझ्या स्कॅनरसारख्या आडवळणाच्या यंत्राचे सोंग कोणी रचून ठेवलेले नसते. दुसरी रीत समझोत्याची. बिऱ्हाडकरूला खरी स्थिती सांगायची आणि दोघांनी ठरलेल्या भाषेत देवघेव करायची. हे वेगवान होते, पण जुन्या एक्सपीला माझ्या स्कॅनरपुरती ही नवी भाषा शिकवणार कोण? तिसरी रीत सरळ: हमालच त्याच्या स्वाधीन करायचा.

आणि इथेच घात असतो. बिऱ्हाडकरू आपल्या हिशेबाने सांगतो, “पाचव्या खोलीत पोते ठेव.” त्याची पाचवी खोली म्हणजे वाड्याची एकेचाळिसावी, हे त्यालाही ठाऊक नाही आणि हमालालाही नाही. हमाल प्रामाणिकपणे वाड्याच्या पाचव्या खोलीत शिरतो आणि तिथे घरमालकाचे देवघर असले तर देवांच्या डोक्यावर पोते आदळतो. हे झाले भोळ्या बिऱ्हाडकरूचे. तो लबाड असला तर हमालाकरवी शेजाऱ्याची तिजोरीसुद्धा उघडेल. जुन्या आयबीएम यंत्रांत घरमालक हमालाला दिलेली प्रत्येक यादी आधी स्वतः वाचून, खोल्यांचे आकडे बदलून मगच पुढे धाडी. पण ज्याच्या त्याच्या हमालाची बोली निराळी अशा आपल्या संगणकांत हे जमणार कसे?

उपाय असा निघाला की हमाल ज्या दारातून आत येतो तिथे, देवडीवरच, एक पहारेकरी बसवावा. या पहारेकऱ्याचे नाव ‘आयओएमएमयू’. इंटेलने आपल्या पहारेकऱ्याला घातलेल्या गणवेशाचे नाव व्हीटी-डी. इंटेल आणि एएमडी या दोघांनी 2006 च्या सुमारास त्याचे आराखडे प्रसिद्ध केले. हमाल आला की पहारेकरी त्याचा बिल्ला पाहतो. हा बिल्ला सोळा बिटांचा असतो: आठ बिटे रस्त्याची, पाच यंत्राची आणि तीन यंत्रातल्या उपांगाची. म्हणजे 65,536 निरनिराळे हमाल त्याला ओळखू येतात. बिल्ल्यावरून तो आपली वही उघडतो, “या हमालाची पाचवी खोली म्हणजे एकेचाळिसावी,” असे पाहून त्याला योग्य दाराशी पाठवतो, आणि वहीत नोंद नसेल तर तिथल्या तिथे अडवतो. खोली साधारणपणे 4096 बाइटांची धरलेली असते. हे सारे सर्किटांतच घडते. घरमालकाची झोपमोड होत नाही.

हमालाचे काम झाल्यावरची हाकसुद्धा निर्धोक नसते. आजच्या यंत्रांत हाक मारणे म्हणजे एका ठराविक पत्त्यावर चिठ्ठी टाकणे; तेव्हा कोणी खोटी हाक मारून घरमालकाला फसवू शकतो. इन्व्हिजिबल थिंग्ज लॅबच्या योआना रुटकोव्स्का आणि राफाऊ वोइत्शुक यांनी 2011 साली हे करून दाखवले. म्हणून हाकांची शहानिशा करण्याचे दुसरे कामही पहारेकऱ्याकडे असावे लागते.

एवढा हुशार पहारेकरी माझ्या संगणकात असेल काय? माझा संगणक जुन्या बाजारातून घेतलेला, दहा-एक वर्षे वापरलेला. भाच्याने सांगितले, “प्रोसेसर पाहिजे, बोर्ड पाहिजे आणि फर्मवेअर पाहिजे; तिन्ही जुळले तरच.” यात कधी कधी चमत्कारिक प्रकार घडतात. 2011 साली इंटेलने काढलेल्या कोअर आय-7 2600 या प्रोसेसरमध्ये व्हीटी-डी होते. परंतु त्याच्याच ‘के’ अक्षर लावलेल्या, हौशी लोकांसाठी काढलेल्या महागड्या भावंडात ते नव्हते. जास्त पैसे मोजणाऱ्याला पहारेकरी नाही! सुदैवाने माझा प्रोसेसर साधाच होता. उरले ते फर्मवेअर.

फर्मवेअर म्हणजे पहाटे सर्वांच्या आधी उठणारा दिवाणजी. विजेची कळ दाबल्यावर पहिला जागा होतो तो हा. 1981 च्या आयबीएम पीसीपासून याला ‘बायॉस’ म्हणत. आता त्याची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे, तरी लोक अजून जुन्याच नावाने हाक मारतात. हा दिवाणजी वाडाभर फिरतो, कोणते यंत्र कुठे आहे ते पाहतो आणि मागून उठणाऱ्या विंडोजसाठी किंवा लिनक्ससाठी टिपणे लिहून ठेवतो. त्यांतले एक टिपण पहारेकऱ्याविषयीचे असते. इंटेलच्या यंत्रांत त्याला ‘डीएमएआर’ म्हणतात, एएमडीच्या यंत्रांत ‘आयव्हीआरएस’. पहारेकरी कुठे बसतो आणि त्याच्या देखरेखीखाली कोण येते, हे त्यात लिहिलेले असते.

तक्त्यात व्हीटी-डी बंद असेल तर दिवाणजी हे टिपण ठेवतच नाही. पहारेकरी देवडीवर बसलेला असतो, पण तो आहे हे घरमालकाला कळायला मार्ग उरत नाही. माझ्या संगणकात नेमके तेच झाले होते. मी विकत घेतलेल्या यंत्रात मला हवी असलेली गोष्ट पहिल्या दिवसापासून होती आणि एक ओळ ‘बंद’ असल्यामुळे ती नसल्यात जमा होती.

ती बंद का ठेवतात? जुने ड्रायव्हर आपल्याला वाड्यात कुठेही जाता येते असे धरून चालत आणि पहाऱ्याखाली बिथरत, हे एक कारण. शिवाय दिवाणजींची टिपणेही सुरुवातीला धड नसत. लिनक्सच्या मूळ आज्ञावलीत या टिपणाच्या तपासणीपाशी ‘तुमचे बायॉस मोडके आहे’ अशा अर्थाचा रोखठोक शेरा लिहिलेला आहे. तो लिहिणाऱ्याने किती सोसले असेल याची कल्पना कोणत्याही पेपर तपासणाऱ्या मास्तराला येईल.

मी ‘बंद’चे ‘चालू’ केले. लिनक्सलाही सुरुवातीच्या आज्ञेत स्पष्ट सांगितले की पहारेकऱ्याला कामाला लाव. तरी स्कझी कार्ड एक्सपीच्या हाती जाईना. भाच्याने दूर बसून नोंदी वाचल्या आणि विचारले, “मामा, शेजारच्या खाचेत काय आहे?” शेजारच्या खाचेत एक जुने साऊंड कार्ड होते. या जुन्या धाटणीच्या खाचा एका पुलापलीकडे असतात, आणि पुलावरून येणाऱ्या हमालांचे स्वतःचे बिल्ले पुलापाशीच गळून पडतात. देवडीवर ते सगळे पुलाच्याच नावाने हजर होतात. पहारेकऱ्याला दोघांत फरक करता येत नाही, तेव्हा तो एकाला सोडून दुसऱ्याला अडवू शकत नाही. द्यायचे तर दोघांना एकाच बिऱ्हाडात, असा त्याचा दंडक आहे. तो मला पटला. ज्यांची ओळख पटत नाही त्यांच्यापैकी एकाची हमी दुसऱ्यावर घालणे गैरच. मी साऊंड कार्ड काढून ठेवले.

हा पहारेकरी केवळ माझ्यासारख्या हौशी भाडेकरूंसाठी नाही. मोठमोठ्या संगणक-केंद्रांत एकेका यंत्रावर अनेक परक्यांची बिऱ्हाडे असतात. पीसीआय-सिग या संस्थेने 2007 साली ‘एसआर-आयओव्ही’ नावाचा नियम ठरवला. त्यामुळे एकच नेटवर्क कार्ड अनेक बिल्ले बाळगून अनेक बिऱ्हाडांना वेगवेगळे नेमून देता येते. देवडीवर पहारा नसता तर हे औदार्य करण्याची कोणाची छाती झाली नसती.

तसेच हमाल काही कायम आतलाच असतो असे नाही. थंडरबोल्टसारख्या खाचेत बाहेरून खुपसलेले यंत्रही थेट वाड्यात शिरू शकते. म्हणून विंडोज 10 मध्ये 2018 साली, फर्मवेअरची साथ असलेल्या संगणकांत, अशा पाहुण्यांवर याच पहारेकऱ्याची नजर ठेवण्याची सोय आली. तरीही निर्धास्त होऊ नये. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबर 2019 साली ‘थंडरक्लॅप’ या नावाने दाखवून दिले की पहारेकरी जागा असला तरी घरमालक वही हलगर्जीपणे लिहीत असेल तर उपयोग थोडा. पोते ठेवण्यासाठी उघडलेल्या खोलीतच घरमालकाचे कागदपत्र पडलेले असले, तर हमाल ते वाचणारच. पहारेकरी खोलीपर्यंत पाहतो, खोलीतल्या कोनाड्यांपर्यंत नाही.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत नवल वाटले ते एका गोष्टीचे. पहारा म्हटला की आपल्याला आडकाठी आठवते. इथे मात्र पहारा आला म्हणून देणे शक्य झाले. घरमालकाने खरे यंत्र बिऱ्हाडकरूच्या हाती निःशंक सोपवले, ते बिऱ्हाडकरू सज्जन ठरला म्हणून नव्हे, तर हद्द नेमकी आखली गेली म्हणून. माझ्या एक्सपीचेच पाहा. मायक्रोसॉफ्टने एप्रिल 2014 मध्ये तिची देखभाल थांबवली. आज तिला इंटरनेटच्या रस्त्यावर सोडणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाला भर रहदारीत उभे करणे. ती माझ्या वाड्याच्या मागच्या खोलीत, रस्त्याकडचे दार बंद करून, आपला एक जुना हमाल घेऊन सुखाने राहते.

त्या रात्री स्कॅनर घरघरला. एक्सपीच्या हिरव्या टेकडीच्या चित्रावर त्याची खिडकी उघडली. पहिली पट्टी आत गेली आणि पडद्यावर हळूहळू, ओळीओळीने, एक पान उतरले. काळसर अक्षरे, दोन्ही बाजूंचे समास, आणि डाव्या कोपऱ्यात पान वाऱ्याने उडू नये म्हणून दाबून धरलेला एक अंगठा. तो गुरुजींचा असेल, किंवा पोथीच्या मालकाचा. ज्या घरात ते पान टिपले त्या वाड्याच्या पुढे वाटण्या झाल्या आणि पोथी कुठे गेली ते आज त्या घरात कोणाला सांगता येत नाही. त्या पोथीचे आता एवढेच उरले आहे.

दोन डब्यांतली फिल्म बहुतेक उतरवून झाली. तिसऱ्या डब्यातली वर्षभरात इतकी वाकली होती, आणि तिचा थर असा सुटला होता, की निम्म्याहून अधिक पट्ट्या स्कॅनरच्या चिमट्यात बसल्याच नाहीत. गेल्या दिवाळीला डबे आले त्याच आठवड्यात कोणी मला ती ओळ दाखवली असती तर! पण कोणी दाखवायला हवी होती हे म्हणणे सोपे. तक्ता माझ्याच टेबलावर होता, कळ माझ्याच बोटाखाली होती, आणि ‘भंगारात द्या’ हे उत्तर मी विनातक्रार ऐकून घेतले होते.

वाचकांपैकी कोणाच्या कपाटात असे डबे असतील, आणि कोणते तरी जुने यंत्र ‘आता चालत नाही’ म्हणून माळ्यावर पडले असेल, तर त्यांनी टाकून देण्यापूर्वी घरातल्या एखाद्या भाच्याला विचारून पाहावे. आणि डबा मात्र आजच उघडून वास घ्यावा.